गॅस चालू, शिक्का बंद

पडद्यावर दिसतंय ते अल्जेरियातल्या आयातदाराच्या फाइलमधलं पहिलं पान. परदेशी विक्रेत्याचं प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल, आणि त्यावर बँकेचा शिक्का, नोंदणी क्रमांकासह. तिथल्या बँकांत फ्रेंच चालते, म्हणून या नोंदणीला ‘दोमिसिलियासियों’ म्हणतात. माल बंदरातून निघण्याआधीच हा शिक्का घ्यावा लागतो. नाहीतर बँक पैसे बाहेर पाठवत नाही आणि कस्टम माल सोडत नाही.

८ जून २०२२. अल्जेरियाने स्पेनबरोबरचा २००२ चा मैत्री करार स्थगित केला. लगोलग बँकांच्या संघटनेचं पत्रक निघालं: ९ जूनपासून स्पेनशी होणाऱ्या आयात-निर्यातीची नोंदणी बंद. कायदा नाही, जकात नाही, फक्त एक पत्रक.

दुखणं होतं पश्चिम सहाराचं. स्पेनची ही जुनी वसाहत १९७५ नंतर बहुतांशी मोरोक्कोच्या ताब्यात गेली. तिथे स्वातंत्र्य मागणाऱ्या पोलिसारियो संघटनेला अल्जेरियाचा पाठिंबा, तिच्या छावण्याही अल्जेरियात, तिंदूफजवळ आहेत. मार्च २०२२ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी मोरोक्कोच्या राजाला पत्र लिहून त्यांचा २००७ चा स्वायत्ततेचा प्रस्ताव तोडग्याचा सर्वांत विश्वासार्ह पाया मानला. पत्र जगाला कळलं तेही मोरोक्कोच्या राजधानीतल्या, राबातच्या राजवाड्याकडून. दुसऱ्या दिवशी अल्जेरियाने राजदूत माघारी बोलावला.

मग अल्जेरियाने स्पेनला विकला जाणारा आपला गॅस का नाही तोडला? अल्जेरियातल्या बेनी साफहून स्पेनमधल्या अल्मेरियाला जाणारी मेडगाझ ही गॅसवाहिनी समुद्रात सुमारे २१० किलोमीटर धावते, काही ठिकाणी २,००० मीटरहून खोल. तिच्यात निम्म्याहून जास्त वाटा अल्जेरियाच्याच सरकारी कंपनीचा, सोनात्राकचा. करार दीर्घ मुदतीचे. मोडले की प्रकरण लवादात. त्यात युक्रेन युद्धामुळे युरोप रशियाला पर्याय शोधत होता. अशा वेळी भरवशाचा विक्रेता हे नाव कोण घालवेल?

मोरोक्कोमार्गे जाणारी जुनी वाहिनी मात्र ऑक्टोबर २०२१ अखेर, कराराची मुदत संपताच, अल्जेरियाने बंद केली होती. जून २०२२ च्या शेवटी स्पेनने तीच उलट्या दिशेने चालवून मोरोक्कोला गॅस द्यायला सुरुवात केली. हा गॅस मोरोक्कोने बाजारात घेतलेला, जहाजाने स्पेनला आलेला एलएनजी, म्हणजे द्रवरूप केलेला गॅस. तो अल्जेरियाचा नाही, हे उगमाच्या दाखल्याने सिद्ध करावं लागे.

शिक्का बंद झाल्याचा मार बसला तो स्पेनमधल्या कास्तेयॉनच्या ग्लेझ (टाइलवरचा चकचकीत लेप) कारखान्यांना. अल्जेरियाचे टाइल उत्पादक त्यांचे मोठे गिऱ्हाईक. स्पेनची अल्जेरियाला होणारी निर्यात २०२१ मध्ये सुमारे १९० कोटी युरो होती. २०२३ मध्ये ती ३३ कोटींच्या आसपास आली. युरोपीय संघाने व्यापार कराराच्या भंगाचा मुद्दा काढला, तर अल्जेरिया म्हणे, अशी बंदीच नाही. पत्रकाची हीच सोय: नाकारायला सोपं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अल्जेरियाचा राजदूत माद्रिदला पुन्हा नेमला गेला. बँकेचा शिक्का सुटायला त्यानंतरही वर्ष लागलं.