बरोबर की चूक, हे पातेल्याला सांगू द्या

(इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडी काटछाट करून.)

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'घरच्या घरी गणित : पाच सोपे उपक्रम'. यातला पाच हा आकडा माझा नाही, आपल्या चिटणिसांचा आहे. त्यांना मी फोनवर म्हटलं होतं, दोन-चार गोष्टी सांगेन. त्यांनी ते वर ढकलून पाच केले. गणितात याला पूर्णांकात घेणं म्हणत नाहीत, पण मंडळाच्या कामात चालतं.

पहिल्या तीन रांगा आजी-आजोबांच्या दिसतायत. मुलांचे आईबाप मागे, दाराजवळ. फोन आला की सटकायला बरं. मुलं एकही नाही. उत्तम, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल.

निवृत्त होईपर्यंत मी सहावी ते दहावीला गणित शिकवलं. शाळेत बरोबर-चूक ठरवणारी मी, आणि हातात लाल पेन. त्याचा परिणाम काय होतो? मुलाचं लक्ष गणितावर राहतच नाही, बाईंच्या चेहऱ्यावर असतं. फळ्यावर उत्तर बरोबर लिहिलेलं असायचं आणि मी नुसतं "नक्की?" म्हटलं, की पोरगं डस्टर उचलायचं. पुसूनच टाकायचं! शिक्षक लोक इथं हसतायत, कारण हे त्यांच्याही वर्गात होतं.

घरात याचा इलाज आहे, आणि तो शाळेला शक्य नाही. घरात उत्तर तपासायला माणूस लागत नाही, वस्तू तपासते. कणकेत पाणी जास्त झालं की ती हाताला चिकटते. तिथं आईनं "चुकलं" म्हणायची गरज काय? पडद्याचं कापड कमी मापलं तर खिडकी उघडी राहते. मला एवढंच म्हणायचंय की घरी मुलाला तेच गणित द्या, ज्याचं उत्तर ती वस्तूच सांगेल. आधी मुलाला अंदाज विचारा, मग त्याला करू द्या आणि मधे आपण तोंड बंद ठेवा. यातला शेवटचा भाग अवघड आहे. मुलांना नाही, आपल्याला.

कारण आपल्या घरांत गणित म्हणजे काय असतं? पाहुणे येतात. चहा येतो, शेव येते. आणि आजोबा म्हणतात, "बाळ, काकांना सतराचा पाढा म्हणून दाखव." बाळ सतरा सक्क्यापर्यंत धावत जातं आणि सतरा सातेला थबकतं. आता गंमत बघा. आई पाहुण्यांच्या मागून ओठ हलवतेय, 'एकोणीसासे'. आजोबा छताकडे बघतायत. काका, ज्यांना स्वतःला सतरा साते येत नाहीत, ते समजूतदारपणे मान डोलावतायत. पोराला त्या क्षणी काय कळतं? गणित म्हणजे लोकांसमोर अडकणं. पुढची दहा वर्षं माझ्यासारखीनं कितीही डोकं आपटलं तरी ते निघत नाही.

हं, तिकडे हात वर झालाय. नाही आजोबा, मी पाढ्यांच्या विरुद्ध मुळीच नाही. पाढे पाठ हवेतच, तीसपर्यंत हवेत. पाहुण्यांसमोर नकोत, एवढंच. बरं, पावकी-निमकी, म्हणजे पावाचा नि अर्ध्याचा पाढा, येते का तुम्हाला? आणि औटकी? साडेतीनचा पाढा! कोणाला येते? दोन हात. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे. आपल्या आधीच्या पिढीला हिशेब कठीण पडत असेल असं आज वाटतं, पण सोळा हा फार सोयीचा आकडा. रुपयाचा अर्धा आठ आणे, त्याचा अर्धा चार, मग दोन, मग एक. चार वेळा मोडला तरी कुठे अपूर्णांक निघत नाही. आणि शंभर मोडा : पन्नास, पंचवीस, की लगेच साडेबारा. शेराचंही तसंच, १६ छटाकांचा शेर. वाण्याच्या दुकानात पाठवलेलं पोरगं अर्ध, पाव, अदपाव हातानं शिकून यायचं. याचा अर्थ जुनं ते सोनं असा घेऊ नका. मणाचे ४० शेर आणि शेराचे ८० तोळे हे प्रकरण ज्यांनी वहीत सोडवलंय, त्यांना दशमान पद्धत आली तेव्हा पेढे वाटावेसे वाटले असतील. पण पाव-अर्ध्याचा तो सराव गेला, आणि त्याची जागा कशानं घेतली? छापील वर्कशीटनं. एका घरी गेले होते. आई तिसरीतल्या मुलीकडून सोडवून घेत होती, 'चित्रात किती सफरचंदं आहेत? निम्म्यांना रंग द्या.' आणि टोपलीत खरी सीताफळं पिकून फुटायला आली होती! मी म्हटलं, बाई गं, ती आधी वाट ना सगळ्यांत.

आणि सुट्टे पैसे. २०१६ मध्ये यूपीआय आलं, फार सोय झाली, मीही वापरते. पण सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याच्या किसाच्या तीन प्लेटा घेतल्या, वर दोन जिलब्या, "भिया, कितने हुए?" असं आपण विचारतो, तो आकडा सांगतो, आपण मोबाईल पुढे करतो आणि पैसे पोचल्याचं सांगणारी ती डबी ओरडते. पोराच्या कानावर पडतं ते फक्त डबीचं ओरडणं. पाचशेची नोट दिली, परत किती आले, ते मोजले, एक नोट फाटकी निघाली म्हणून बदलून घेतली, हे सगळं नाहीसं झालं. वजाबाकीचा जो क्लास सराफ्यात फुकट चालायचा तो बंद पडला.

तर पोहे. गणपतीतली गोष्ट आहे. आमच्या इमारतीत सकाळच्या आरतीनंतर नाश्ता असतो, आणि इंदुरात नाश्ता म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. माणसं पंचेचाळीस. मी मावशींना म्हटलं (मावशी म्हणजे आमच्या इमारतीचं स्वयंपाकखातं) की पोहे किती घ्यायचे ते यंदा पोरांना ठरवू द्या. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी गणपतीचं विसर्जन पहिल्याच दिवशी करायला सांगितलंय.

तीन मुलं होती. मोठी मुलगी सातवीत, एक मुलगा पाचवीत, एक चिमुरडी तिसरीत. आधी अंदाज लिहून घेतले. मुलगी म्हणाली दोन किलो. मुलगा म्हणाला पाच. चिमुरडी म्हणाली, एक पोतं. मी काही बोलले नाही. शाळेत असते तर नक्की बोलले असते. मग त्यांनीच ठरवलं, एक प्लेट करून बघू. स्टीलच्या वाटीनं कोरडे पोहे मोजले, वजनकाट्यावर ५० ग्रॅम. भिजवून, फोडणीला घालून, वाफेवर ठेवून प्लेटीत घातले तर एका वाटीची प्लेट कंजूस दिसायला लागली. दीड वाटी लागते. म्हणजे प्लेटीला ७५ ग्रॅम.

आता ४५ गुणिले ७५. मोठीनं कागदावर उभी मांडणी केली, हातचे घेतले, उत्तर ३३७५. मुलगा कागद घ्यायला तयार नाही. तो म्हणाला, चार प्लेटा म्हणजे तीनशे ग्रॅम. चव्वेचाळीस माणसं म्हणजे अकरा चौकडी, अकरा त्रिक तेहतीस, तेहतीसशे. राहिलेल्या एकाचे पंच्याहत्तर. ३३७५! दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. दोन वाटांनी एकच गाव आलं, मग बाईंना विचारायचं कशाला? माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

तेवढ्यात चिमुरडीनं खोडा घातला. "पण आम्ही छोटी मुलं अर्धीच प्लेट खातो." खरंच की. मुलं चौदा, म्हणजे सात प्लेटा. मोठी माणसं एकतीस. एकूण अडतीस. मुलगा म्हणाला, वरच्या मजल्यावरचे काका दोनदा घेतात. आणखी कोण कोण दोनदा घेतं याची यादी झाली, फार मौलिक यादी, मी ती जपून ठेवलीय. सहा नावं निघाली. अडतीस आणि सहा चव्वेचाळीस, म्हणजे ३३०० ग्रॅम. एवढा खटाटोप करून आकडा जवळपास तिथंच आला आणि मावशी ओट्यापासून ओरडल्या, "साडेतीन किलो भिजवा, मी काय वेगळं म्हणत होते?" पण मुलांनी हट्टानं तेहतीसशेच घेतले. हळद-मीठ त्यांनी मापात वाढवलं. मिरची मात्र मावशींनी हातची राखली, आणि बरं केलं.

खरी मजा नंतर. सगळे खाऊन उठले, वर भुरभुरायचं शेव-जिरावन (आपला इंदुरी मसाला) संपलं, आणि पातेल्यात थोडे पोहे उरले. चिमुरडीनं ते काट्यावर ठेवले, ३५० ग्रॅम. मुलगा म्हणाला, "७५ ची एक, म्हणजे जवळजवळ पाच प्लेटा वाया! अंदाज चुकला." मोठी म्हणाली, "अरे, ७५ कोरड्यांचे. हे भिजलेले आहेत, त्यात कांदा, बटाटा, दाणे." भांडण जुंपलं. मिटवलं कसं? एक प्लेट भरून तोलली, १७५ ग्रॅम. उरल्या होत्या दोनच प्लेटा. एकक बदललं की आकड्याचा अर्थ बदलतो, हे सांगायला मला वर्गात दोन तास लागायचे आणि तरी परीक्षेत पोरं लिटरमध्ये किलो मिसळायची. इथं काट्यानं सांगितलं. त्या दोन प्लेटा वॉचमनकाकांना गेल्या.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं'. चिटणीस घड्याळ दाखवतायत, आणि छापलेले पाच उपक्रम अजून माझ्या पर्समध्ये आहेत. पटापट सांगते.

हॉटेलात किंवा किराण्याच्या दुकानात, डबी ओरडायच्या आधी पोरानं एकूण किती ते जवळच्या दहापर्यंत सांगायचं. बिनचूक नको. डबी तपासेल, म्हणजे ती एवढ्यापुरती तरी कामाला येईल. दुसरं, मापाच्या कपांचा संच मिळतो. २४० मिलिलिटरचा एक, मग अर्धा, तिसऱ्या हिश्श्याचा आणि पाव. लहान मुलाला विचारा, पाव मोठा की तिसरा हिस्सा? तो म्हणेल पाव, कारण चार हे तीनपेक्षा मोठे. काही समजावू नका. पाणी द्या, मोठा कप भरायला सांगा. ८० चा तीनदा लागतो, ६० चा चारदा. कपडे भिजतील, भिजू द्या.

तिसरं सिग्नलवर करायचं. पुढच्या गाडीची पाटी बघायची, एमपी ०९ आणि शेवटचे चार आकडे. समजा ४३०९. मोठ्याकडून लहानाकडे मांडा, ९४३०. उलट मांडा, ०३४९. वजा करा : ९०८१. पुन्हा तेच : ९८१० वजा ०१८९, ९६२१. पुन्हा : ९६२१ वजा १२६९, ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ चं परत ६१७४ च येतं! चारही आकडे सारखे नसले, की कोणतीही गाडी सात पायऱ्यांच्या आत इथंच येऊन थांबते. हे देवळालीच्या शाळेतल्या एका मास्तरांनी शोधलं, द. रा. कापरेकर. जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. चुकलं तर ६१७४ येत नाही, म्हणजे तपासनीस आकड्यातच बसलेला.

चौथं गच्चीवर. कर्कवृत्त उज्जैनच्या जरा वरून जातं, आपण त्याच्या किंचित खाली. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. बाराला नाही हं, साडेबाराच्या जवळपास. घड्याळ आपल्या गावाचं नाही, देशाचं आहे. मे महिनाभर रोज सावली मोजून भिंतीवर रेघ मारायची आणि शून्य कधी होणार ते पोरानं आधी सांगायचं. जुलैच्या सुरुवातीला पुन्हा येतो तो दिवस, पण तेव्हा ढग असतात.

पाचवं महत्त्वाचं, आणि त्याला आता वेळच नाही. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं मनातल्या मनात अवघड हिशेब बिनचूक करतात, पण तेच गणित शाळेच्या रीतीनं मांडून दिलं की अडतात. शाळकरी मुलांचं उलट, कागदावर बरं जमतं आणि बाजारातल्या हिशेबात अडखळतात. म्हणजे नुसते पोहे करून गणित येणार नाही, माझंही नाही आणि मावशींचंही नाही. पोहे झाल्यावर कॅलेंडरच्या पाठीवर ती मांडणी लिहायला लावायची. अकरा चौकडी म्हणणाऱ्या मुलाला विचारायचं, हे तू चिन्हांत कसं लिहिशील? ११ × ३०० + ७५. त्यानं लिहिलं, की मोठीच्या ४५ × ७५ शेजारी ठेवायचं आणि मधे बरोबरचं चिन्ह काढायचं. एवढी दोन मिनिटं सोडली तर बाकी सगळी गंमत गंमतच राहते.

हो, हो, संपवते. आजोबा, तुमचा पाढ्यांचा प्रश्न राहिला. बाहेर चहापाशी या, आणि ज्या दोघांना औटकी येते त्यांनाही घेऊन या. सतरा साते मात्र कुणी विचारू नका. हा घ्या माइक.