मेंटॉर शोधताय? आधी काम मागा

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत म्हणा, शिरवळला म्हणा, नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली की पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘चांगला मेंटॉर कुठं मिळेल?’

डोळ्यासमोर असतो पुण्या-मुंबईतला कुणी मोठा माणूस, जो महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर यांच्या करिअरचा नकाशा काढून देईल. मिळाला तर उत्तमच हो. पण माझं म्हणणं असं, की तुमच्या हातात जोखमीचं काम देऊ शकेल असा माणूस आधी गाठा. सल्ला नंतरही मागता येतो.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्या पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी घ्या. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला. अशा आडरानात शिकलीसवरलेली माणसं कुठून येणार? शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले गेले. वाडीच्या राखणीला तर पूर्वी गुन्हेगारीचा शिक्का बसलेली माणसं नेमली होती, आणि त्यांनी ती राखण नीट केली. लक्ष्मणरावांनी माणसाचं प्रमाणपत्र बघितलं नाही, त्याच्यावर काय सोपवता येईल ते बघितलं.

याच किर्लोस्करांचे नांगर काही काळ विकले ते भाऊराव पाटलांनी. पुढं १९१९ ला कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, आणि राबायचीही. ‘कमवा आणि शिका’ आज भिंतीवर रंगवलेलं दिसतं, पण त्या पोरांसाठी तो रोजचा दिनक्रम होता. आता कुणी याला लीडरशिप ट्रेनिंग म्हणेल; तेव्हा असलं नाव कुणी दिलं नव्हतं.

अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात यशस्वी मॅनेजरना विचारलं, तुम्ही शिकलात कशातून? त्यातून ७०-२०-१० हे प्रमाण पुढं आलं: ७० टक्के अवघड कामातून, २० टक्के माणसांकडून, १० टक्के वर्गातून. आकडे काट्यावर तोलू नका, मॅनेजरांनी स्वतःच्या आठवणीवरून सांगितलेलं आहे ते. पण हॉटेलच्या हॉलमध्ये फुगे फुगवायचे खेळ घेऊन सर्टिफिकेट वाटणारे लोक कुठल्या १० टक्क्यांत बसतात, ते तुम्हीच ठरवा.

बरं, मग मागायचं कसं? समजा तुम्ही फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात आहात, वय पंचवीस, नुकतेच शिफ्ट इन्चार्ज झालाय. साहेबांना ‘सर, मला गाईड करा’ म्हटलं तर साहेब हसून ‘हो हो’ म्हणतील आणि विषय संपेल. त्याऐवजी म्हणा, ‘सर, ब्लो होलमुळं (ओतकामात वायू अडकून पडणाऱ्या पोकळीमुळं) माल रिजेक्ट होतोय. महिनाभर त्याचा हिशोब मी ठेवतो. दर शनिवारी पंधरा मिनिटं दाखवू का?’ आता साहेबांना तुमच्याशी बोलायला निमित्त आहे. आणि चूक झाली तर ती कागदावर दिसेल, दोघांनाही.

त्याच शेडमध्ये तुमच्यापेक्षा दुप्पट वयाचे मामा असतात. मुठीत साच्याची वाळू दाबून ओल कमी-जास्त सांगतात. तुम्ही कागदावर त्यांचे वरिष्ठ, पण शिकायचं त्यांच्याकडूनच. चारचौघांत त्यांचं चुकलं म्हणू नका. चहाच्या वेळेला विचारा, ‘मामा, तुम्ही असता तर काय केलं असतं?’ माणसं सांभाळायला शिकायचं असेल तर याहून अवघड आणि याहून चांगला वर्ग मला तरी माहीत नाही.

एक मात्र जपा. पगारवाढ, नोकरी बदलायचा विचार, साहेबांशीच झालेली कुरबूर, हे तुमचं अप्रेझल लिहिणाऱ्या माणसाकडं नेऊ नका. त्यासाठी दुसऱ्या खात्यातली एखादी ताई, कॉलेजचे सर किंवा कंपनी सोडून गेलेले जुने सहकारी बरे.

आणि साहेब ‘आत्ता नको’ म्हणाले तर? हिशोब तरीही ठेवा. दोन महिन्यांनी आकडे घेऊन परत जा. तेव्हाही ऐकलं नाही, तर हेच आकडे पुढच्या इंटरव्ह्यूला तुमच्या तोंडात असतील. कंपनीची गुपितं तेवढी सांगू नका.