कोण चावतंय, ते आधी ओळखा

नमस्कार, श्रोतेहो.

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुयें इथल्या औद्योगिक वसाहतींत नोकरी लागते, मोपा विमानतळावर काम मिळतं, बांबोळीच्या इस्पितळात कुणी नर्स म्हणून रुजू होतं, आणि दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबं घाट उतरून गोव्यात राहायला येतात. कोण साताऱ्याचं, कोण सोलापूरचं, कोण थेट अकोल्याचं. भाड्याचं घर मिळतं, गॅस येतो, मुलांचे शाळेतले प्रवेश होतात. आणि पहिल्याच आठवड्यात लेकराच्या पोटऱ्यांवर ही एवढाली गांधं उठतात. मग गावाकडे फोन जातो, "इथं डास फार आहेत हो!"

आरोग्याच्या कामात मी वर्षानुवर्षं फोंडा आणि सत्तरीच्या भागात घरोघर फिरले. नव्याने आलेल्यांच्या घरी हे वाक्य मी हमखास ऐकलं. आजचं माझं बोलणं त्यांच्यासाठीच आहे. "डास फार आहेत" एवढ्यावर थांबू नका. चावतंय कोण, दिवसाच्या कुठल्या वेळी चावतंय आणि ते कुठल्या पाण्यात जन्मलं, हे तीन प्रश्न विचारा. तेवढं कळलं की काय करायचं ते आपसूक कळतं. नाही कळलं, तर माणूस संध्याकाळी डास पळवायचं यंत्र लावतो, खिडक्या बंद करतो, आणि खरा धोक्याचा डास सकाळी नऊ वाजता मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाखाली चावून जातो.

आधी त्या गांधांविषयी. डास चावतो म्हणजे मादी चावते. अंडी घालायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. रक्त ओढताना ती आपली लाळ कातडीत सोडते, आणि आपलं शरीर त्या लाळेवर चवताळतं. म्हणून सूज, म्हणून खाज. जागा बदलली, चावे वाढले की पहिले काही महिने ही प्रतिक्रिया जोरात येते, लहान मुलांना तर फारच. पुढे बहुतेकांची ती हळूहळू कमी होते. शेजारच्या काकी अंगणात निवांत भाजी निवडत बसतात, आणि तुमचं बाळ रात्रभर खाजवत असतं, त्याचं कारण हेच. चावा दोघांनाही बसतो. थंड पाण्याची पट्टी ठेवा, कॅलामाइन लावा, आणि मुलांची नखं बारीक कापा, कारण खाजवून झालेल्या जखमेत पू होतो, आणि चाव्यापेक्षा तोच जास्त दिवस त्रास देतो. एक मात्र लक्षात असू द्या. अंगाला चाव्याची सवय होते, डेंग्यूची आणि मलेरियाची होत नाही. "आता आम्हाला काही होत नाही, आम्ही इथलेच झालो" असं म्हणून मच्छरदाणी माळ्यावर टाकणारी घरं मी पाहिली आहेत. असं करू नका.

आता तो दिवसा चावणारा डास. काळा, पायांवर पांढरे पट्टे, त्याचं नाव एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो तो हाच. सकाळी उजाडल्यावरचे दोनेक तास आणि दिवस मावळायच्या आधीची वेळ या त्याच्या आवडीच्या वेळा. घोटे, पोटऱ्या, कोपरं या त्याच्या आवडीच्या जागा. तो दुरून येत नाही. शे-दोनशे मीटरांच्या आतच त्याचा जन्म झालेला असतो, म्हणजे बहुधा तुमच्या घरात नाहीतर शेजाऱ्याच्या. गटारावर आणि नगरपालिकेवर राग काढून हा डास कमी होत नाही, कारण गटारात तो वाढतच नाही. त्याला लागतं भांड्यात साठलेलं, स्वच्छ दिसणारं पाणी.

फ्रिज पुढे ओढा. मागे, खाली, कॉम्प्रेसरच्या वर एक छोटा ट्रे असतो, त्यात वितळलेलं पाणी उतरतं. विजेरी मारून बघा. पाण्यात अळ्या असतील तर उजेड पडल्याबरोबर वळवळत तळाला जातात. विजेरी विझवून क्षणभर थांबा, पुन्हा लावा. एकेक वर येते आणि शेपटाकडची बारीक नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून डोकं खाली करून लटकते. त्या नळीतून ती श्वास घेते. घरोघरच्या बायकांना मी हे दाखवत असे. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं, त्यांना पुन्हा सांगायला जावं लागलं नाही.

आणि जागा तरी किती! मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची बशी, गच्चीवरच्या टाकीचं तिरकं बसलेलं झाकण, पावसासाठी छपरावर ओढलेल्या ताडपत्रीच्या घड्या, टायर, करवंट्या. नळाला रोज पाणी येईलच याचा भरवसा नाही, म्हणून भरून ठेवलेलं पिंप. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत राहायला गेला असाल तर जमिनीवर पडलेल्या पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची पन्हळीसारखी रुंद आवरणं. पावसात एकेका विरीत पेलाभर पाणी सहज साठतं. रबराच्या बागेत झाडांना बांधलेल्या वाट्या, चीक काढायचं काम बंद असताना त्या पालथ्या करून ठेवायला हव्यात. शेजारचं घर बंद आहे का, तेही बघा. गोव्यात मालक मुंबईत नाहीतर परदेशात, आणि घर वर्षभर कुलपात, असं फार आहे. त्या घराच्या उघड्या टाकीतले डास राहतात तुमच्याकडे. किल्ली कुणाकडे असते ते विचारा, पंचायतीत सांगा.

उकाड्याच्या दिवसांत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार कोरडा पाळायचा: सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, पालथी घालायची, आणि मगच पुन्हा भरायची. घासायची हे मुद्दाम म्हणते आहे. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला चिकटवते. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी तिथेच राहतात, आणि वाळली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी लागलं की फुटतात. उन्हाळ्यात कोरडं पडलेलं पिंप पहिल्या पावसात डास देतं ते यामुळेच. काथ्याने नाहीतर ब्रशने कड खरवडून काढा.

रात्री कानाशी गुणगुणणारा तपकिरी डास वेगळा. तो क्युलेक्स, घाण पाण्यातला. संडासाच्या टाकीचा जो पाइप वर हवेत सोडलेला असतो, त्याच्या तोंडाला जाळी बांधा. त्या एका जाळीने फार फरक पडतो. सांडपाणी तुंबू देऊ नका. हत्तीरोगाचे जंतू त्याच्यामार्फत पसरतात, पण घरातली झोप उडवणारा म्हणूनच तो जास्त ओळखीचा आहे.

मलेरियाचा अ‍ॅनोफिलिसही रात्रीचाच, पण तो बसला की शेपूट वर करून तिरका बसतो, आणि त्याच्या अळ्या लटकत नाहीत, पाण्याशी आडव्या पडून राहतात. गोव्याला मलेरिया नवा नाही. जुनं गोवं ओस पडलं, त्यात तापाच्या आणि पटकीच्या साथींचा मोठा हात होता. पुढे १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. ऐंशीच्या दशकात पणजीत इमारती भराभर उठू लागल्या, तेव्हा शहरात मलेरियाने पुन्हा डोकं वर काढलं. स्लॅबवर पाणी धरण्यासाठी केलेली आळी, लिफ्टचा खड्डा, बांधकामावरच्या टाक्या हे सगळं शहरातल्या अ‍ॅनोफिलिसला मानवलं. म्हणूनच बांधकामावरच्या मजुरांची मलेरियासाठी रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड ही व्यवस्था इथं आली. त्या नियमाचा पुष्कळ गुण आला. पण कार्डाचं निमित्त करून "हे बाहेरचे लोक ताप घेऊन येतात" असं बोललं जातं, ते मला मुळीच पटत नाही. पत्र्याच्या खोलीत दाराशिवाय झोपणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी डास चावतो. तुमच्या इमारतीशेजारी काम चालू असेल तर मुकादमाला जाऊन भेटा. साठलेल्या पाण्याबद्दल बोला, आणि त्या मजुरांकडे मच्छरदाण्या आहेत का तेही विचारा. घराला विहीर असेल तर आरोग्यकेंद्रातून गप्पी मासे मागून आणा, ते अळ्या खातात.

दिवाडी, चोडण ही बेटं किंवा कुठल्याही खाजणाकाठी, म्हणजे भरतीचं खारं पाणी येणाऱ्या सखल जमिनीकाठी, खारफुटीच्या बाजूला घर घेतलंत, तर आणखी एक जण भेटेल. तिळाएवढाही नसेल, दिसत तर जवळजवळ नाहीच, पण संध्याकाळी वारा पडला की घोट्याभोवती आग आग होते. ही चावरी चिलटं. चिखलात वाढतात, आणि साध्या मच्छरदाणीतून आरामात आत येतात. डासांसाठीच्या जाळीला चौरस इंचात १५६ भोकं असावी लागतात. चिलटांना त्याहून बारीक विणीची जाळी हवी. पण ती उडायला अगदी दुबळी असतात. व्हरांड्यात पंखा लावा, टिकत नाहीत. किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला बसायचं तर थेट वाळूवर बसू नका, आणि पायभर कपडे घाला.

सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांत ज्यांचं रानात जाणं-येणं आहे, त्यांच्यासाठी आता सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं. गोचीड कीटकांत मोडत नाही, आठ पायांचा जीव आहे तो, पण चावतो आणि माकडताप देतो. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये तो सत्तरीतल्या पाळी गावात आला, पुढच्या वर्षी सिंधुदुर्गात दोडामार्गकडे. माणसं दगावली. गोचिडीची पिल्लं पाऊस संपल्यानंतर पानगळीत वाढतात आणि मे महिन्यापर्यंत असतात. अगदी त्याच दिवसांत काजूचा हंगाम येतो. वाळलेल्या पाचोळ्यात वाकून बोंडू, म्हणजे काजूची फळं गोळा करायची, मधे सावलीत जमिनीवरच टेकायचं. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं, कळतसुद्धा नाही.

काजूच्या बागेत जाताना फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायजम्याची टोकं मोज्यांत खोचा. आरोग्यकेंद्रातून गोचीड दूर ठेवणारं, अंगाला लावायचं तेल मिळतं, ते लावा. पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर कपडे दाराबाहेरच काढून गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा, आणि काखा, जांघा, कानामागे हात फिरवून बघा. गोचीड रुतलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा. रॉकेल ओतणं, पेटती उदबत्ती टेकवणं हे अजिबात नको. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, लगेच आरोग्यकेंद्राला कळवा.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधायच्या चौकटीसाठी, रानातली फळं आणायला कुणी तुम्हाला सोबत नेलं, तर आनंदाने जा, पण तेव्हा जळवा असतात. जळू लागली तर घाबरायचं कारण नाही. ओढून तोडू नका. नख कातडीलगत सरकवून तिचं तोंड सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. दाबून धरलं की थांबतं.

घरात डासांसाठी अंगाला लावायचं मलम वापरायला हरकत नाही, पण ते कितव्या वर्षापासून लावायचं हे डबीवर वाचा, आणि तान्ह्या बाळाला काहीही लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाळ दिवसा झोपतं तेव्हाही मच्छरदाणी हवी, कारण एडिस दिवसाचा; हे नव्या आयांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळू नका. दम्याच्या माणसाला तो धूर सोसत नाही, आणि निरोगी माणसालाही तो चांगला नाही. कडुलिंबाचा धूर तिन्हीसांजेला करायचा असेल तर दारं उघडी ठेवून करा, माणसं बाहेर बसू द्या. त्याच्या भरवशावर जाळी मात्र काढू नका.

आणि ताप आला तर? मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, शहाळं, आणि लगेच रक्ततपासणी. सरकारी केंद्रात मलेरियाची तपासणी मोफत होते. डेंग्यूत ताप उतरल्यावर माणसं निर्धास्त होतात, आणि खरं सांभाळायचं असतं ते तेव्हाच. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची गळून गेल्यासारखी अवस्था, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी इस्पितळ गाठा. मलेरियाच्या एका प्रकारात जंतू यकृतात दडून बसतात; त्यासाठी १४ दिवसांच्या गोळ्या देतात. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून त्या सोडल्या, तर महिन्या-दोन महिन्यांनी ताप पुन्हा येऊ शकतो.

तुम्ही सुट्टीला गावी जाता. चावा इथं बसलेला असतो आणि ताप येतो तिकडे गेल्यावर, कारण मलेरिया अंगात उमटायला साधारण दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. तुमच्या गावच्या डॉक्टरांना तुम्ही गोव्याहून आलात हे आपण होऊन कळणार नाही. त्यांनी विचारायची वाट बघू नका. आम्ही गोव्यात राहतो, अमुक ठिकाणी कामाला जातो, घराशेजारी बांधकाम चालू आहे, गेल्या महिन्यात काजूच्या बागेत गेलो होतो, हे सगळं आधी सांगा आणि मग तापाचं सांगा.

नमस्कार.