शेजारशेजारचे दोन कॉम्प्युटर आणि एक केबल

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा अधिकृत पाठिंबा संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून कितीतरी घरांतल्या चांगल्या चालत्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. मग नवा लॅपटॉप येतो. जुना त्याच टेबलावर असतो, आणि पंधरा-वीस वर्षांचा संसार दोन फूट पलीकडे हलवायचा असतो: लग्नाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, सोसायटीचे हिशेब, आजोबांनी टाइप करून ठेवलेल्या आठवणी. तो हलवायला बहुतेक जण इंटरनेटची वाट धरतात. मला ते पटत नाही. घरातली फाइल घरातल्या घरात जावी, आणि तारेवरून जावी.

हिशेबच करू. समजा २०० जीबी सामान आहे आणि ब्रॉडबँड ४० मेगाबिटचं. आठ बिट मिळून एक बाइट, म्हणजे सेकंदाला ५ एमबी. गूगल ड्राइव्हवर चढवायला अकरा तास, उतरवायला पुन्हा अकरा. तेच दोन्ही यंत्रं राउटरला लॅन केबलने जोडली, तर गिगाबिट (म्हणजे १००० मेगाबिट) वेगाने सेकंदाला ११०च्या आसपास एमबी जातात. अर्ध्या तासात काम होतं. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्डडिस्क असेल तर तीच मागे पडेल, तरी तासाभराच्या फार पुढे जाणार नाही. काही जण व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो पाठवतात. तसं करू नका. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही आतली नोंदही पुसली जाते. दहा वर्षांनी तोच फोटो मोठा छापायला काढाल तेव्हा ते कळेल.

वायफायवर दोन-चार फाइली खुशाल पाठवा. लोकलसेंडसारखं मुक्त ॲप त्यासाठी उत्तम आहे, त्याला इंटरनेट लागतही नाही. पण दोन्ही यंत्रं वायफायवर असली की प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, आणि वेग निम्म्यावर येतो. मोठ्या सामानाला केबलच हवी.

या केबलकडे जरा जवळून पाहू. आत आठ तारा असतात, पीळ दिलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी एवढ्या दोनच पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार टोकाच्या क्लिपमध्ये सैल झाली तरी कनेक्शन तुटत नाही, ते गुपचूप १००वर उतरतं. स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं आणि लोक नव्या लॅपटॉपला दोष देत बसतात. कॉपीचा वेग ११-१२ एमबीवरच अडकला असेल तर आधी केबल बदला. तीही ठीक निघाली तर राउटर पाहा. काही राउटरना एकच पोर्ट गिगाबिटचं असतं, बाकीची १००ची.

तसं असेल तर राउटर बाजूला ठेवा आणि केबल थेट एका यंत्रातून दुसऱ्यात लावा. पूर्वी यासाठी उलटसुलट जोडलेली वेगळी क्रॉस केबल लागायची. आता यंत्रातलं गिगाबिट नेटवर्क कार्ड ते स्वतःच जुळवून घेतं. नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) द्यायला राउटर नसला की दोन्ही यंत्रं १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता आपणच घेतात. इंटरनेट बंद असताना हा आकडा पाहून आपण वैतागतो, इथे मात्र तोच हवा असतो.

आता शेअरिंग. जुन्या यंत्रावर फोल्डर शेअर करा, पण फक्त वाचण्याची परवानगी द्या. मग नव्या यंत्रावर बसून फाइली ओढून घ्या. जुन्यावरचं काही चुकूनही खोडलं जात नाही, हा त्यातला मोठा फायदा. कट कधीच करू नका, कॉपीच करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा. फायरवॉल सरसकट बंद करायची काहीच गरज नाही. नव्या यंत्राने नाव आणि पासवर्ड विचारला की बरेच जण रोजचा चार आकडी पिन घालतात आणि तो नाकारला जातो. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. इथे जुन्या यंत्रावरच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

हजारो बारीक फाइली असल्या की वेग कोसळतो, कारण प्रत्येक फाइल उघडणं, बनवणं, बंद करणं हे वेगळं काम असतं. विंडोजमध्ये फाइली कॉपी करणारी रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे, ती शिकून घ्या. मध्येच वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. पोचलेल्या फाइली ती सोडून देते. लिनक्सवाल्यांसाठी आरसिंक आहे, १९९६चं. ते करणाऱ्या दोघांपैकी एक अँड्र्यू ट्रिजेल. याच माणसाने कॅनबेरात विद्यार्थी असताना तारेवरून जाणारा मजकूर तपासत तपासत सांबा या सॉफ्टवेअरची सुरुवात केली. आज लिनक्सच्या यंत्राला विंडोजचं शेअर केलेलं फोल्डर दिसतं आणि विंडोजला लिनक्सचं, ते त्या कामामुळे. अशा माणसांचे आपल्यावर फार उपकार आहेत.

कॉपी झाली की दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि आकार ताडून पाहा. ब्राउझरचे पासवर्ड आणि टॅलीचा डेटा हे हमखास मागे राहतात.

आणि मराठी माणसाला सर्वांत जास्त रडवणारी गोष्ट म्हणजे फाँट. २००० सालाच्या आसपासच्या आपल्या कितीतरी फाइली श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी अशा फाँटांत आहेत. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. फाइल एकही बाइट न गमावता पोचते, पण उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, आणि आठवणी गेल्या असं समजून लोक ती खोडून टाकतात. ती गेलेली नसते, फक्त फाँट मागे राहिलेला असतो. तेव्हा विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून तो फाँटही सोबत न्या. महत्त्वाच्या फाइलींची जुन्याच यंत्रावर पीडीएफ करून घ्या, म्हणजे अक्षरांचे आकार तिच्यातच राहतील. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांच्या हातून जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. एकेक पान मुळाशी ताडून पाहावं लागतं, आणि ते मूळ जसंच्या तसं दिसतं ते त्या जुन्या स्क्रीनवर. हे काम पुरं होईपर्यंत जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका.