शिखरावरचे दोन फूट

नमस्कार मुलामुलींनो, आणि स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलेल्या आईबाबांनो, तुम्हालाही. प्रश्नमंजूषेचे दिवस आले की घराघरांत गाइडं निघतात आणि पाठांतर सुरू होतं. पाठांतराला माझी ना नाही. पण उत्तर एकटं पाठ करू नका, त्याच्या शेजारी साल लिहा. पुन्हा सांगतो: उत्तराशेजारी साल.

महाराष्ट्रात जिल्हे किती? ३६. कधीपासून? १ ऑगस्ट २०१४, पालघर वेगळा झाला तेव्हापासून. थोरल्या दादाच्या जुन्या गाइडात ३५ आहेत आणि तेच गाइड आता धाकटीच्या दप्तरात आलंय. केंद्रशासित प्रदेश किती? ८, २६ जानेवारी २०२० पासून, कारण त्या दिवशी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले. त्याआधी जेमतेम तीन महिने ९ होते, त्याआधी ७. सालाशिवाय यातलं कुठलंच उत्तर भरवशाचं नाही.

आता बझर. कळीचा शब्द कानावर पडल्याशिवाय बोट दाबायचं नाही. 'स्वतंत्र भारताचे पहिले गव्हर्नर जनरल' म्हणजे माउंटबॅटन. 'पहिले भारतीय गव्हर्नर जनरल' म्हणजे सी. राजगोपालाचारी. 'जगातलं सर्वांत उंच' एवढं ऐकून दाबलंत तर फसाल, कारण पुढचा शब्द काहीही असू शकतो. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट. समुद्रतळाच्या पायथ्यापासून मोजलं तर हवाई बेटावरचा मौना केआ. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचं टोक विचारलं तर इक्वेडोरमधलं चिंबोराझो. कळीचा शब्द आधी, बोट नंतर.

एव्हरेस्टचं नाव निघालंच आहे, तर ती दोन फुटांची गोष्ट सांगायलाच हवी.

१८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी पोलादी साखळीने जमीन मोजायला सुरुवात केली. ती भारताची महात्रिकोणमितीय मोजणी. एक बाजू साखळीने मोजायची, दोन कोन थिओडोलाइटने, उरलेल्या बाजू गणिताने. त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं. हे लॅम्बटन १८२३ साली वारले ते आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. लिहून ठेवा, प्रश्न येतो. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट, त्यांच्यानंतर अँड्र्यू वॉ.

वॉ यांच्या काळात, १८४९-५० साली, हिमालयातल्या एका टोकाचे कोन घेतले गेले. त्याला तेव्हा नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता: पंधरा. नेपाळात पाऊल टाकायची परवानगी नाही, म्हणून सगळं काम सपाटीवरच्या सहा ठाण्यांवरून, शंभर मैलांहून जास्त अंतरावरून. इतक्या लांबून ते शिखर क्षितिजाच्या वर दिसतं ते दोन अंशांच्या आसपास. त्यात पृथ्वी गोल. नुसत्या शंभर मैलांवर वक्रतेपोटी सुमारे ६,६०० फूट मिळवावे लागतात. उलट, हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतो आणि शिखर आहे त्याहून वर दिसतं, ते वजा करायचं. किती वजा करायचं हे हवेच्या तापमानावर आणि दाबावर. खरी डोकेदुखी तीच.

ही आकडेमोड करणाऱ्या माणसांचा हुद्दा काय होता ठाऊक आहे? 'कॉम्प्युटर'. हाडामांसाचे कॉम्प्युटर! त्यांतले प्रमुख कोलकात्याचे राधानाथ सिकदार. १८५२ साली पंधरा क्रमांक जगात सर्वांत उंच ठरला, त्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. शिखराला नाव मात्र मिळालं एव्हरेस्ट यांचं, १८६५ साली. स्वतः एव्हरेस्ट यांनी त्याला हरकत घेतली होती. स्वतःचं आडनाव ते 'ईव्हरेस्ट' असं उच्चारत, तेव्हा आपण सगळे चुकीचंच म्हणतो. सगरमाथा हे नेपाळी नाव आणि चोमोलुंग्मा हे तिबेटी नाव, दोन्ही तुम्हाला आलीच पाहिजेत. मला तर तीच जास्त आवडतात.

तर गोष्ट अशी सांगतात. सरासरी आली बरोबर २९,००० फूट. वॉ यांना वाटलं, एवढा गोल आकडा पाहून लोक म्हणतील, साहेबांनी अंदाजपंचे ठोकून दिलंय. म्हणून त्यांनी दोन फूट वाढवले आणि १८५६ साली २९,००२ जाहीर केले. एव्हरेस्टच्या माथ्यावर पहिले दोन फूट ठेवणारा माणूस म्हणजे वॉ, अशी त्यावर कोटीही आहे. इंग्रजीत फूट आणि पाऊल एकच, म्हणून ती तिकडे जमते.

गोष्ट झकास आहे. पण सहा ठाण्यांवरून निघालेल्या सहा उंच्या छापलेल्या आहेत. सर्वांत कमी २८,९९०, सर्वांत जास्त २९,०२६, आणि सरासरी? सरासरी गोल येतच नाही. मग वाढवलेले दोन फूट गेले कुठे?

तरीही स्पर्धेत 'दोन फूट कोणी वाढवले असं म्हणतात?' असा प्रश्न आला, तर वॉ सांगा आणि गुण घ्या. वाद फेरी संपल्यावर, तोही वही दाखवून. आणि पालकांनो, प्रेक्षकांत बसून ओठ हलवून उत्तर पुरवू नका. पोराचं लक्ष प्रश्नावरून उडतं आणि कळीचा शब्द हुकतो.

उंचीचे आजचे आकडे झटपट, साल लावून: १९५५ची भारतीय मोजणी, ८,८४८ मीटर. ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ आणि चीन यांनी जाहीर केलेली, ८,८४८.८६ मीटर. एकक बोला, मीटर की फूट. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर.

आता पेन्सिल घ्या. ते सहा आकडे सावकाश सांगतो, सगळे फुटांत. २८,९९१.६. २९,००५.३. २९,००१.८. २८,९९८.६. २९,०२६.१. आणि शेवटचा, २८,९९०.४. बेरीज करा, १,७४,०१३.८ यायला हवी. सहाने भागा.