"हे मला पटत नाही"

(दृश्य: काचेचं दार, आत येणारे मस्क)

हातात काय आहे, नीट बघा. बेसिन. २६ ऑक्टोबर २०२२, सॅन फ्रान्सिस्को, ट्विटरचं मुख्यालय. दुसऱ्याच दिवशी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरचा सौदा पुरा केला. मग साडेसात हजारांतले जवळपास निम्मे कर्मचारी घरी. उरलेल्यांना १६ नोव्हेंबरला मध्यरात्री मेल आला: यापुढे तासन्‌तास, जीव तोडून काम. कबूल असेल तर उद्या संध्याकाळी पाचच्या आत 'हो' वर क्लिक करा. नसेल, तर तीन महिन्यांचा पगार घ्या आणि निघा.

(दृश्य: उतरणारं रॉकेट)

कामाच्या अशाच रेट्यातून, त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये, मस्क यांच्याच स्पेसएक्स कंपनीचं उपग्रह सोडून आलेलं रॉकेट उभंच्या उभं जमिनीवर उतरलं. ते मोठं काम आहेच. पण असा मेल वाचलेला माणूस साहेबाचं चुकलं तर सांगायला जाईल?

(दृश्य: अमेरिकेतलं फिनिक्स शहर, स्टेजवर दोन खुर्च्या)

९ ऑक्टोबर २०१४. समोर संगणक क्षेत्रातल्या हजारो स्त्रिया. सत्या नाडेलांना मायक्रोसॉफ्टचे सीईओ होऊन जेमतेम आठ महिने झालेत. प्रश्न विचारतायत मारिया क्लावे, हार्वे मड कॉलेजच्या अध्यक्ष. मायक्रोसॉफ्टच्या संचालक मंडळावरही त्या आहेत. पगारवाढ मागायला संकोचणाऱ्या बायकांना काय सांगाल? नाडेला म्हणतात, मागण्यापेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवा, चांगल्या कर्माचं फळ मिळतं.

क्लावे तिथल्या तिथे सांगतात, हे मला पटत नाही.

(टाळ्या पूर्ण ऐकू द्याव्यात)

त्याच दिवशी नाडेलांचं कर्मचाऱ्यांना पत्र गेलं. माझं उत्तर साफ चुकलं. वाढ मिळायला हवी असं वाटत असेल तर सरळ मागा.

हे ज्या कंपनीच्या प्रमुखाबाबत घडलं, तिथे वर्षानुवर्षं माणसांना ठरलेल्या टक्केवारीत बसवलं जायचं. टीममधले सगळे उत्तम असले, तरी कुणाला तरी तळाचा शेरा द्यायचाच. शेजारी बसणारा सहकारी हाच प्रतिस्पर्धी. मग आपली चूक कोण उघड करणार? ती पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये, नाडेला सीईओ होण्याआधीच बंद झाली. अंगात मुरलेली सवय मोडायचं काम त्यांच्याकडे आलं. जुलै २०१४ मध्ये १८ हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणाही त्यांनीच केली.

(दृश्य: पुन्हा फिनिक्स)

क्लावे आता स्वतःचं सांगतायत. प्रिन्स्टनमध्ये डीनचं पद स्वीकारताना त्या पगाराचं बोलल्याच नाहीत, त्यात नुकसान झालं. आधी विश्वासातल्या माणसासमोर मागण्याचा सराव करा, म्हणतायत. शेजारच्या खुर्चीत नाडेला आहेत.