'ओरिजिनल' डीप पर्पल म्हणजे नेमके कोण?

नमस्कार मंडळी! डीप पर्पल या रॉक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' गिटारवर कसं वाजवायचं तो व्हिडिओ टाकल्यापासून कॉमेंटमध्ये एकच मागणी आहे, "दादा, ओरिजिनल डीप पर्पलवर बोला ना." बोलतो. पण आधी त्या 'ओरिजिनल' शब्दाचं बघू, कारण त्याखाली सगळे तीच पाच नावं लिहितात: गिलन (गायक), ब्लॅकमोर (गिटार), ग्लोव्हर (बेस), लॉर्ड (ऑर्गन), पेस (ड्रम).

मंडळी, हे ओरिजिनल नाहीत. हा बँडमधल्या माणसांचा दुसरा संच आहे!

बँड इंग्लंडमधला, १९६८ सालचा, हे तुम्हाला माहीतच आहे. ब्लॅकमोरच्या आजीच्या आवडत्या गाण्यावरून नाव पडलं, तेही माहीत असेल. तेव्हा गायक होता रॉड इव्हान्स आणि बेसवर निक सिम्पर. अमेरिकेत गाजलेलं 'हश' यांचं. १९६९ मध्ये दोघांना काढलं आणि गिलन-ग्लोव्हर आले. चाहते पहिल्या संचाला मार्क वन म्हणतात, दुसऱ्याला मार्क टू. 'इन रॉक', 'मशीन हेड' हे अल्बम, आणि डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो जळताना बघून सुचलेलं 'स्मोक ऑन द वॉटर', हे सगळं मार्क टूचं. सगळ्यात गाजलेला संच, शंभर टक्के मान्य. पण गाजलेला म्हणजे पहिला नव्हे.

एकाने लिहिलंय, "गिलन गेला तिथे बँड संपला." मला हे खरंच लागतं. १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर गेले, तेव्हा कपड्याच्या दुकानात नोकरी करणारा डेव्हिड कव्हरडेल गायक म्हणून आला. बेस आणि जोडीला गाणं, दोन्ही ग्लेन ह्यूजकडे. १९७४ चं 'बर्न' ऐका. दोघं आळीपाळीने गातात आणि मागे पेसचा ड्रम कुठे थांबायलाच तयार नाही. माझ्या मामाकडे एक कॅसेट होती, तिच्या एका बाजूला गिलनचं 'हायवे स्टार' आणि दुसऱ्या बाजूला 'बर्न'. कव्हरवर वादकांची नावंच नव्हती. दोन्हीकडे एकच गायक आहे असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. नावं न छापणाऱ्यांचा राग मला अजून येतो. ज्याने गळा काढून गायलंय त्याचं नाव तरी द्या!

पुढचं भराभर सांगतो. १९७५ मध्ये ब्लॅकमोर गेला, टॉमी बोलिन आला, १९७६ मध्ये बँड मोडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोलिन वारला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी.

आता 'ओरिजिनल'वाल्यांनी हे नीट ऐका. १९८० मध्ये रॉड इव्हान्स, म्हणजे खरोखरचा पहिला गायक, डीप पर्पल नाव लावून अमेरिकेत कार्यक्रम करू लागला. सोबतचे वादक पर्पलमध्ये कधीच नव्हते. प्रकरण कोर्टात गेलं, ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई बसली आणि जुन्या रेकॉर्डची रॉयल्टीही गेली. पहिला असूनही नाव त्याचं नव्हतं!

आणखी एका बाजूने बघा. मार्क टू १९८४ मध्ये परत जमला, पण १९९३ मध्ये दौऱ्याच्या मध्येच ब्लॅकमोर कायमचा निघून गेला. जपानचे कार्यक्रम गिटारवादक जो सॅट्रियानीने निभावले आणि मग गिटारवर स्टीव्ह मोर्स आला. एप्रिल १९९५ मध्ये बँड मुंबईत वाजवून गेला तो मोर्सला घेऊनच. त्या कार्यक्रमाचं चित्रण 'बॉम्बे कॉलिंग' नावाने निघालंय. मामा त्या गर्दीत होता. तो आजही म्हणतो, "ओरिजिनल बघितले रे." मामा, तुझ्यावर माझा जीव आहे, पण स्टेजवरच्या पाचांत १९६८ चे दोनच होते, जॉन लॉर्ड आणि इयन पेस. लॉर्ड २००२ मध्ये बाजूला झाले, २०१२ मध्ये वारले. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक संचात बसलेला माणूस एकच, पेस. पोस्टरवर त्याचा चेहरा मागे असतो म्हणून त्याला विसरू नका.

आता एक करा. १९६८ चं 'हश' लावा आणि लगेच १९८८ मध्ये त्यांनीच पुन्हा रेकॉर्ड केलेलं 'हश' लावा. गिटार, ऑर्गन, ड्रम वाजवणारे तेच, फक्त गायक आणि बेस वेगळे. मार्क वन आणि मार्क टूमधला फरक तेवढाच आहे, आणि तो तुमच्या कानांना कसा वाटला ते खाली लिहा. मी सगळ्या कॉमेंट वाचतो.